दंड भरतो कोण?



एकतीस डिसेंबर जवळ आला, की कल्याण-बदलापूर रस्त्यावर पोलिसांचे लोखंडी अडथळे लागतात. उल्हासनगरचा फर्निचर बाजार, पुढे अंबरनाथ, त्याच्या पुढे बदलापूर, असा हा सलग पट्टा. ठाणे पोलीस आयुक्तालयाच्या एकाच परिमंडळात ही तिन्ही गावे येतात. शिट्टी वाजते, मोटारसायकल बाजूला घेतली जाते, यंत्राची नळी तोंडाशी येते. "फुंक" म्हणतात, आणि आकडा उमटतो. शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमपेक्षा जास्त दारू निघाली, की मोटार वाहन कायद्याचे कलम १८५ लागले. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात बातमी येते, अमुक इतके तळीराम पकडले. वाचणारा हसतो आणि पान उलटतो.

पण ह्या पकडलेल्यांत दोन तऱ्हेचे लोक असतात आणि वर्तमानपत्राच्या एका आकड्यात ते कालवून जातात. एक असतो मित्राच्या लग्नात भिडेखातर दोन पेग घेतलेला. हा कोर्टात मान खाली घालून उभा राहतो, दंड भरतो, आणि आयुष्यभर नाक्यावर खाकी दिसली की त्याच्या पोटात गोळा येतो. त्याचे काम दंडाने होते. दुसरा असतो तिसऱ्यांदा आलेला. त्याला कोर्टाची पायरी, वकिलाची फी, गाडी सोडवायची रीत, सगळे पाठ असते. "दंड भरला, सुटलो" हे त्याचे वाक्य. हा लेख ह्या दुसऱ्याविषयी आहे.

तळीराम हे नाव आपण चेष्टेने घेतो. गडकऱ्यांच्या 'एकच प्याला' नाटकातले ते पात्र. परंतु त्या नाटकात बुडतो तो सुधाकर, आणि भोगते ती सिंधू. ज्यांनी नाटक पाहिले आहे त्यांनी हे ध्यानात ठेवावे, पुढे लागणार आहे.

आता आपल्या सभासद-पत्रिकेत घाटाखालच्या उल्हासनगर-बदलापूरचे काय काम, असे कोणी विचारील. काम असे आहे की आपल्या भागातली निम्मी पोरे तिकडेच आहेत. शेत तेवढेच राहिले, भाऊ वाढले, मग कोणी अंबरनाथच्या एम.आय.डी.सी.त लागला, कोणी उल्हासनगरात टेम्पोवर, कोणी रिक्षावर. मुंबईत घर परवडत नाही, कल्याणलाही परवडेना, म्हणून सगळे सरकत सरकत बदलापूरला जाऊन राहिले. माझा धाकटा भाऊ तिथेच कात्रपला राहतो. मी त्याच्याकडे अधूनमधून महिना महिना राहून येतो, त्यामुळे हे चित्र जवळून पाहिले आहे.

त्याच्याच बिल्डिंगीत आपल्याच एका सभासदाचा मुलगा राहतो. गाव आणि नाव सांगत नाही, ओळखणारे ओळखतील आणि गप्प बसतील अशी आशा. कंपनीच्या बसवर ड्रायव्हर होता. पहाटे बदलापुरातून कामगार उचलायचे आणि पहिल्या पाळीला अंबरनाथला पोचवायचे, हे त्याचे काम. हात चांगला, बोलणे गोड. संध्याकाळी बाटली. तो एकदा रात्री मोटारसायकलवर पकडला गेला, १०,००० रुपये दंड झाला. वर्षभराने पुन्हा पकडला गेला. आधीची शिक्षा कोर्टापुढे आलीच नाही, त्यामुळे पुन्हा पहिला गुन्हा म्हणून १०,०००. तिसऱ्या वेळी मात्र जुना कागद निघाला आणि १५,००० झाले. एकूण ३५,००० रुपये. वकील, गाडी सोडवणे, बुडालेले खाडे, हे वेगळेच.

हे पैसे कुठून आले? पहिल्या वेळी बायकोची कर्णफुले गेली. दुसऱ्या वेळी तिने भिशी फोडली. तिसऱ्या वेळी म्हातारा इकडे गावी हात पसरत फिरला. "पोराचा दंड भरायचाय, बिलातनं कापून घ्या, पण आत्ता द्या," असे म्हणताना त्या माणसाची नजर जमिनीवरून हलली नाही. टनाला तीन हजार धरले तर ३५,००० म्हणजे जवळजवळ बारा टन ऊस. लागणीपासून तोडीपर्यंत म्हाताऱ्याने रात्रीचे पाणी दिले, ते असे गेले. आणि ज्याने गुन्हा केला त्याच्या खिशाला काय लागले? काही नाही. तो सुटला त्याच संध्याकाळी प्यायला. शिक्षा सिंधूला झाली.

दंडाची ही खोड जुनीच आहे. १९८८ च्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला २,००० रुपयांपर्यंत आणि तीन वर्षांच्या आत पुन्हा केला तर ३,००० रुपयांपर्यंत दंड होता. २०१९ च्या दुरुस्तीने तो १०,००० आणि १५,००० केला, तीन वर्षांची अटही काढली. कैद पूर्वीचीच राहिली, पहिल्यांदा सहा महिन्यांपर्यंत, नंतर दोन वर्षांपर्यंत. पाचपट दंड म्हणजे पाचपट भीती, असा हिशेब सरकारने केला असावा. पहिल्या तऱ्हेच्या माणसाला तो लागू पडतो. दुसऱ्या तऱ्हेच्या माणसाच्या घरी मात्र पाचपट दंड म्हणजे पाचपट कर्ज.

मग लायसेन्स घ्या काढून, असे कोणीही म्हणेल. कायद्यात तेही आहे. पोलिसांनी लायसेन्स जप्त करून आर.टी.ओ.कडे पाठवायचे, पहिल्या गुन्ह्याला तीन महिने बंद, दुसऱ्याला रद्दच. हे योग्यच आहे, कारण रस्त्यावरच्या इतर माणसांचा जीव आधी. पण बसचालकाचे लायसेन्स म्हणजे त्याची भाकरी. आमच्या ह्या गड्याचे लायसेन्स गेले, कंपनीने काढून टाकले, आणि दोन आठवड्यांनी तो उल्हासनगरात कोणाचा तरी टेम्पो रात्री बिनलायसेन्सचा चालवू लागला. म्हणजे आधी पिऊन चालवणारा लायसेन्सवाला होता, आता पिऊन चालवणारा बिनलायसेन्सवाला झाला. सुधाकराची वकिलीची सनद गेली तेव्हाच तो पेल्याकडे वळला, हे गडकऱ्यांना शंभर वर्षांपूर्वी ठाऊक होते. शिक्षा झाली आणि तिच्या पाठीमागे आधार काहीच नसला, की माणूस कुठे जातो ते त्यात दाखवलेले आहे.

दारूचे व्यसन हा आजार आहे म्हटले की आपल्याकडे माणसे चिडतात. "आजार कसला, माज आहे," म्हणतात. पहिल्या पेल्याला माज असेल, नाही म्हणत नाही. पण दहा वर्षे रोज पिणाऱ्याच्या मेंदूला आणि शरीराला ती लागते, हे वैद्यकशास्त्राने केव्हाच मान्य केले आहे. ह्याचा एक धडा आमच्या त्या बिल्डिंगीत मिळाला. गड्याने देवापुढे शपथ घेतली आणि एकदम बंद केली. घरात आनंद. दुसऱ्या दिवशी हात थरथरू लागले, घाम सुटला. तिसऱ्या रात्री भिंतीवर मुंग्या चढताहेत म्हणून ओरडू लागला, मग फिट आली. रात्री दोन वाजता त्याला उचलून दवाखान्यात न्यावे लागले. डॉक्टर म्हणाले, "वर्षानुवर्षे भरपूर पिणाऱ्याने एका रात्रीत बंद करणे जिवावर बेतू शकते. आमच्याकडे आधी आणायचे, औषधाच्या आधाराने उतरवायची." आपल्याकडे माळ घालून बंद करणारे पुष्कळ आहेत आणि त्यांतले कित्येक तरले आहेत. पण ज्याला सकाळी उठल्याउठल्या लागते, त्याच्या बाबतीत आधी डॉक्टर आणि मग माळ.

दुसरी एक गोष्ट भगिनींसाठी. चहात किंवा भाजीत गुपचूप औषध कालवून नवऱ्याची दारू सोडवण्याचे प्रकार चालतात. त्यांतले डायसल्फिराम नावाचे औषध असे आहे की ते पोटात असताना वर दारू गेली तर उलट्या, छातीत धडधड, रक्तदाब एकदम खाली, असे होते आणि माणूस दगावूही शकतो. ते औषध वाईट नाही. पण पिणाऱ्याला सांगून, त्याच्या संमतीने, डॉक्टरच्या नजरेखालीच द्यायचे असते. दुकानातून आणून चोरून देणे म्हणजे उशाशी सुतळी बॉम्ब ठेवून झोपणे.

आणखी एक गैरसमज. रात्री प्यालो, सकाळी ताक-लिंबू घेतले, थंड पाण्याने आंघोळ केली, उतरली! अजिबात नाही. यकृत तासाला साधारण पंधरा मिलिग्रॅम एवढीच दारू रक्तातून काढते. लिंबाने तो वेग वाढत नाही. रात्री एक वाजता रक्तात दीडशे मिलिग्रॅम असेल तर तीसवर यायला सकाळचे नऊ वाजतात. पहिल्या पाळीची बस तर पहाटेच निघते. म्हणजे तो गडी चाळीस कामगारांना घेऊन रोज सकाळी कायद्याने प्यालेलाच गाडी चालवत होता, आणि त्याला कोणी पकडले नाही, कारण सकाळी कोणी नाका लावत नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. टेम्पो सुटल्यावर त्या बायकोने धावपळ करून त्याला पाच आठवडे व्यसनमुक्ती केंद्रात ठेवले. तिथून आल्यावर काम कोण देणार? उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात एका सिंधी गृहस्थांचे गोदाम आहे. फाळणीनंतर ही माणसे कल्याणच्या लष्करी छावणीत नेसत्या वस्त्रानिशी उतरली आणि त्यांनी तिथे बाजारपेठ उभी केली. पडलेल्याला उभे राहायला काय लागते हे त्यांना ठाऊक असते. त्यांनी ह्याला ठेवून घेतले, पण एक अट घातली. रोज सकाळी आठला माझ्यासमोर येऊन उभा राहायचे, दोन शब्द बोलायचे. वास आला तर त्या दिवशी काम नाही, रोज नाही, मुकाट्याने घरी जायचे. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठला पुन्हा यायचे. पहिल्या महिन्यात तो तीनदा परत पाठवला गेला. दुसऱ्या महिन्यात एकदा. शिवी नाही, उपदेश नाही, पगार कापून सूड नाही. आजचे आज. मी हे ऐकले तेव्हा मला कोर्टाच्या सगळ्या दंडांपेक्षा ही अट शहाणी वाटली.

गंमत अशी की अमेरिकेत एका राज्याने नेमके हेच कायद्याने केले आहे. साउथ डाकोटा हे शेतकऱ्यांचे राज्य. तिथे २००५ साली त्यांच्या ॲटर्नी जनरलने पुन्हापुन्हा पिऊन गाडी चालवणाऱ्यांसाठी एक योजना सुरू केली. दारू पूर्ण बंद. रोज सकाळी आणि रोज संध्याकाळी पोलीस ठाण्यावर येऊन यंत्रात फुंकायचे, त्याचे एक-दोन डॉलर त्यानेच भरायचे. आकडा आला की तिथल्या तिथे आत, पण महिने नव्हे, एक-दोन दिवस. आकडा आला नाही तर जा कामावर. लोक म्हणाले, दारुडे कुठले येतात रोज! पण शंभरांतल्या नव्व्याण्णवांहून जास्त वेळा ते आले आणि यंत्र कोरे निघाले. रँड ह्या संशोधन संस्थेने २०१३ साली हिशेब प्रसिद्ध केला. ज्या जिल्ह्यांत ही योजना चालली तिथे पुन्हा पिऊन गाडी चालवताना पकडले जाणे १२ टक्क्यांनी घटले, आणि घरच्या माणसाला मारहाण केल्याबद्दलच्या अटका ९ टक्क्यांनी. हा दुसरा आकडा कोणी मागितला नव्हता, तो आपोआप आला. ज्यांच्या घरी संध्याकाळ होऊ नये असे वाटते, त्यांना त्याचा अर्थ सांगायला नको.

अर्थात तिकडे ठाणे दूर असले तरी मोटार असते, यंत्रे असतात, माणसे कमी असतात. तिकडची गोष्ट उचलून जशीच्या तशी इथे लावा असे म्हणणारा मी नव्हे. बी एका जमिनीचे, पाणी दुसरीकडचे, असे चालत नाही. पण त्यातले तत्त्व आपले आहे, ते त्या गोदामात मी पाहिले. शिक्षा लहान हवी, ताबडतोब हवी, आणि न चुकणारी हवी. आपले उलट आहे. शिक्षा मोठी, महिन्यांनी होणारी, आणि नशिबावर अवलंबून.

आपल्या कायद्यात काहीच नाही असे मात्र नाही. १९५८ चा अपराधी परिवीक्षा कायदा आहे. त्याखाली कोर्ट अपराध्याला तुरुंगात न धाडता चांगल्या वर्तणुकीच्या बाँडवर सोडू शकते, परिवीक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली ठेवू शकते, आणि त्या बाँडमध्ये नशा न करण्याची अट घालता येते, असे त्या कायद्यात शब्दांनी लिहिलेले आहे. साठ वर्षांहून जुने हे हत्यार. म्हणजे "सहा महिने रोज ठाण्यावर येऊन फुंक, दवाखान्यात उपचार घे, नाहीतर मूळ शिक्षा भोग" असे सांगायला नवा कायदा लागत नाही. लागतो तो रोज नोंद ठेवणारा माणूस. त्याशिवाय २०१९ च्या दुरुस्तीने लायसेन्स निलंबित झालेल्यांना उजळणीचा अभ्यासक्रम पुरा केल्याशिवाय ते परत द्यायचे नाही, असेही ठरवले आहे. त्या वर्गात सिग्नलची चित्रे तेवढी दाखवली तर उपयोग शून्य. ह्या माणसांना सिग्नल पाठ असतात.

समाजसेवेची शिक्षा हा शब्दही अलीकडे कानावर येतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ती प्रथमच शिक्षा म्हणून आली. सार्वजनिक जागी दारू पिऊन गैरवर्तन करणाऱ्याला चोवीस तास कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा त्याऐवजी समाजसेवा देता येते. गाडी चालवण्याच्या कलम १८५ मध्ये मात्र ती अजून लिहिलेली नाही. तरी कोर्टे वाट काढतात. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये अशा एका उच्चशिक्षित आरोपीला जामीन देताना अट घातली, की तीन महिने दर शनिवारी-रविवारी वरळी नाक्याच्या सिग्नलवर 'दारू पिऊन गाडी चालवू नका' असा फलक घेऊन उभे राहायचे. विशाखापट्टणमला २०२३ साली कोर्टाने अशा लोकांकडून समुद्रकिनारा साफ करवून घेतला. हैदराबादचे वाहतूक पोलीस पकडलेल्याला समुपदेशनाला बोलावतात, आणि एकट्याला नव्हे, घरच्या माणसांना घेऊन.

ह्यांतले मला हैदराबादचे जास्त पटते. फलक घेऊन उभे राहण्यात लाज आहे, आणि ज्याला लाजेची सवय नाही त्याला ती पुरते. वरळीच्या त्या साहेबाला पुरली असेल. पण आमच्या गड्याची लाज गल्लीत पडून पडून केव्हाच संपली होती. त्याला उल्हासनगरच्या चौकात फलक देऊन उभा केला असता तर घरी जाताना तो आधी गुत्त्यावर गेला असता. बायकोला आणि बापाला समोर बसवून, दंडाचे पैसे कुठून आले हे त्याच्या कानावर घातले असते, तर कदाचित काही हलले असते. केंद्रात शेवटी तेच झाले.

इथे पुण्याची आठवण निघणारच. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरला एका सतरा वर्षांच्या मुलाच्या भरधाव मोटारीने दोन तरुण अभियंत्यांना उडवले, दोघेही गेले. बाल न्याय मंडळाने काही तासांत जामीन दिला. अटी अशा, की अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहायचा, वाहतूक पोलिसांबरोबर काम करायचे, व्यसनाबाबत समुपदेशन घ्यायचे. सगळा महाराष्ट्र पेटला, आणि रास्त पेटला. पुढे रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टरांना अटक झाली. तेव्हापासून 'तुरुंगाऐवजी दुसरे काही' म्हटले की लोकांना तो निबंध आठवतो. म्हणून स्पष्ट लिहितो. ज्याच्या हातून माणूस मेला त्याच्यासाठी हा लेख नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच दलबीर सिंग खटल्यात सांगून ठेवले आहे, की बेदरकार गाडी चालवून जीव घेणाऱ्याला परिवीक्षेची सवलत नको. मी म्हणतो ते त्या आधीच्या टप्प्याविषयी, दुसऱ्या-तिसऱ्यांदा नाक्यावर सापडलेला पण अजून कोणाला न मारलेला जो आहे त्याच्याविषयी. तो उद्या मारील. त्याला आज गाठता येते, कारण त्याचे नाव आपल्याकडे लिहिलेले आहे.

२०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. सरकारी नोंदीत त्यांतली दारूमुळे मेलेली अडीच टक्के दिसतात. ज्याने रात्रीचा कोणताही महामार्ग पाहिला आहे तो ह्या आकड्यावर विश्वास ठेवणार नाही. रक्त तपासले तर दारू सापडते, न तपासले तर कारण 'अतिवेग' असे लिहिले जाते.

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ह्या तीन गावांत हे करून पाहायला जागा चांगली आहे. अंतरे लहान, एकाच परिमंडळाची ठाणी जवळजवळ, एम.आय.डी.सी.तल्या कंपन्यांना गेट आहे आणि गेटवर वॉचमन आहे. उल्हासनगरात सरकारी मध्यवर्ती रुग्णालय आहे, ठाण्याला १९०१ पासूनचे मनोरुग्णालय आहे. दुसऱ्यांदा सापडलेल्यांची यादी केली तर ती फार लांब निघेल असे मला वाटत नाही, आणि त्यांच्यापैकी बहुतेकांना तिथला नाक्यावरचा हवालदार चेहऱ्याने ओळखतो. सकाळी कामावर जाताना ठाण्यावर फुंकायचे, संध्याकाळी येताना फुंकायचे. रिक्षावाल्याची रिक्षा फुंकल्यावर सुटेल, कंपनीच्या ड्रायव्हरला किल्ली फुंकल्यावर मिळेल. युरोपात काही ठिकाणी गाडीलाच असे यंत्र बसवतात, फुंकल्याशिवाय इंजिन सुरू होत नाही. पण यंत्र काढले की लोक पुन्हा पूर्वपदावर येतात असा तिकडचा अनुभव आहे. यंत्र हवे, यंत्राच्या जोडीला उपचारही हवा.

आता आपल्या दाराशी या. गळीत हंगामात रात्री दोन-दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर, मागे ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर, वर टेप मोठ्याने लावलेला, आणि ड्रायव्हर दोन रात्री जागलेला. थंडी घालवायला म्हणून घेतो म्हणतो. हे कोणाला माहीत नाही? काट्यावरच्या माणसाला माहीत आहे, चिठ्ठी देणाऱ्याला आहे, मुकादमाला आहे, ट्रॉलीमालकाला तर आहेच. मालकांनी एवढे लक्षात घ्यावे, की लायसेन्स नसलेल्याच्या हाती ट्रॅक्टर दिला तर मालकालाही ५,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद आहे. ड्रायव्हर प्यालेला निघाला तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा कंपनी नाकारू शकते. मेलेल्याच्या घरच्यांना तिने भरपाई दिली तरी ती मालकाकडून वसूल करायला येते, आणि वसुली म्हणजे जमीन.

गोदामवाल्या शेठजींची अट आपल्या काट्यावर लावता येईल. फुंकायचे यंत्र घ्यायला काही फार पैसे लागत नाहीत. ज्याचा आकडा येईल त्याची ट्रॉली अड्ड्यावर उभी, दुसरा ड्रायव्हर येईपर्यंत. त्याची त्या दिवसाची खेप गेली, बस. काळ्या यादीत नाव नको, उचल बुडवणे नको, मारहाण तर नकोच, दुसऱ्या दिवशी पुन्हा या. तिसऱ्यांदा आला तर मात्र कारखान्याने त्याला डॉक्टरकडे धाडावे आणि परतल्यावर त्याची जागा राखून ठेवावी. जागा राखली नाही तर तो दुसऱ्या कारखान्याच्या रस्त्यावर तसाच चालवील.

हा खर्च कारखान्याने का करावा, असे सर्वसाधारण सभेत कोणी उठून विचारील, म्हणून आधीच लिहून ठेवतो. आपल्या राज्यात देशी दारूचे स्पिरिट बनते ते उसाच्या मळीपासून. मळीचा पैसा उसाच्या भावात मिसळतो आणि तो आपण सगळे घेतो, मीही घेतो. इथेनॉलकडे बरीच मळी वळली हे खरे, पण सगळी वळलेली नाही. तेव्हा बाटलीशी आपला संबंध नाही असे निदान ऊस उत्पादकाने तरी म्हणू नये.

ज्यांची मुले घाटाखाली आहेत त्यांच्यासाठी थोडी माहिती. व्यसनाविषयी सल्ल्याला १४४४६ हा सरकारी फोन आहे, मनाच्या आजारासाठी १४४१६. दोन्ही फुकट. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभा मराठीतून भरतात. ही चळवळ १९३५ साली अमेरिकेत एका शेअर दलालाने आणि एका डॉक्टरने सुरू केली, दोघेही पिणारेच. सभेला पैसे पडत नाहीत, आडनाव विचारत नाहीत. पुण्याचे मुक्तांगण १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट ह्यांनी पु. ल. देशपांडे ह्यांच्या देणगीच्या आधाराने काढले. तिथे पाच आठवड्यांचा उपचार असतो आणि नंतरचा पाठपुरावा. नंतरचा पाठपुरावा सोडू नका, पुष्कळ जण तिथेच घसरतात. फोन पिणाऱ्यानेच करावा असे काही नाही. आई, बाप, बायको, कोणीही केला तरी चालतो. बदलापूरच्या त्या घरातून पहिला फोन बायकोनेच केला होता, रात्री, गॅलरीत उभी राहून, आवाज आत जाऊ नये म्हणून दार ओढून घेऊन.